दमलेलं कुणीच नाही

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला जो कागद असतो, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, जो एकदा उघडला की पुन्हा तसा घडी होत नाही आणि जो कुणी वाचत नाही, त्याचं भाषांतर करणं हा टिटवीच्या आईचा धंदा. 'चक्कर येण्याची शक्यता, वाहन चालवू नये' हे तिनं इतक्यांदा लिहिलं होतं की घरात कुणी साधं शिंकलं तरी पुढचे दुष्परिणाम तिच्या तोंडून ओळीनं बाहेर पडत. ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. दोन जाडजूड शब्दकोश, अंगची चिकाटी आणि नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातून आणलेलं एक भिंग, एवढ्या बळावर ती उभी होती.

एके दिवशी विद्यापीठातली एक संशोधक तिच्याकडे आली. वयानं लहान, पाठीवर भली मोठी सॅक, बोलण्यात आर्जव.

"ताई, जरा वेगळं काम आहे. माध्यमिक शाळेतली मुलं अभ्यासानं किती पिचून गेलीत, ते मोजायची प्रश्नावली आहे. ती आपल्या भाषेत हवी."

"पिचून म्हणजे दमून?"

"दमलेला माणूस झोपला की ताजा होतो. ही मुलं झोपून उठली तरी तशीच असतात. काडी ओढायला जावं आणि तिला गुलच नसावा, तसं."

कधीपर्यंत हवंय, हेसुद्धा टिटवीच्या आईनं विचारलं नाही. हो म्हणून मोकळी झाली. बिनगुलाची एक काडी तिच्याच घरात होती.

टिटवी हे काही खरं नाव नव्हे. लहानपणी ही पोर उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची, झोपेतही दोन-चार वाक्यं टाकायची. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे रेडिओची गरजच नाही." बापानं लाडानं टिटवी म्हटलं आणि ते चिकटलं. वेळ पडली तर टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. ही तर नुसत्या तोंडानं आटवेल, असं तो म्हणायचा. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. समुद्र होता तिथेच होता, टिटवीच आटली होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी टिटवी क्लासहून आली की आईला जिन्यात पावलं ऐकू यायची. पहिला मजला, दुसरा मजला, आणि मग वळणावर पावलं थांबायची. तिथे भिंतीत एक लहानशी खिडकी आहे, तिच्यातून खालचे कचऱ्याचे डबे दिसतात. बघण्यासारखं काही नाही. आईला आधी वाटलं, बुटाची नाडी बांधत असेल. मग वाटलं, फोनवर कुणाशी बोलत असेल. त्या वयात असतं एखादं गुपित, आणि खरं सांगायचं तर असावं अशी तिनं मनातल्या मनात प्रार्थनाही केली. एकदा तिनं दार किलकिलं करून खाली वाकून पाहिलं. टिटवी पायरीवर बसली होती. दप्तर पाठीवर तसंच. हातात फोन नाही, पुस्तक नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग केव्हातरी कठडा धरून उठली, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि दारात आली तेव्हा तोंडावर हसू होतं.

त्या हसण्यापेक्षा पोर रडत आली असती तर आईला बरं वाटलं असतं.

"जिन्यात बसली होतीस का गं?"

"नाही."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरंय."

"अगं, पण..."

"आई, उद्या चाचणी आहे."

या वाक्यापुढे त्या घरात सगळं थांबायचं. टीव्ही, भांडण, मिक्सर, आणि आईसुद्धा.

बाप वाईट नव्हता. मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नसे, एवढंच. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून 'हे स्पष्ट दिसतं की हे?' असं विचारणाऱ्या माणसाला जगात सगळ्याचा नंबर काढता येतो असं वाटू लागतं.

"मार्क चांगले आहेत ना तिचे? मग?" तो म्हणायचा. "ते औषधांचे कागद वाचवाचून तुझं डोकं फिरलंय. मन चिंती ते वैरी न चिंती."

"मार्कांवरून सगळं कळतं का हो?"

"मग कशावरून कळतं? काहीतरी मोजमाप दाखव. लगेच ऐकतो."

वास्तविक मोजमापाच्या बाबतीत हा माणूस एकदा चांगलाच तोंडावर आपटला होता. टिटवी पाच वर्षांची असताना दाराला, टेबलाला, माणसांना धडकायला लागली. बापानं तिला खुर्चीत बसवून तक्ता वाचायला लावला, तर पोरीनं अगदी तळाची ओळसुद्धा घडाघडा म्हटली. नजर उत्तम, पोर धांदरट, असा निकाल लागला. पुढे दुकानात नवा तक्ता आला, वेगळ्या अक्षरांचा. टिटवी त्याच्यासमोर बसली आणि तिनं जुनाच तक्ता न अडखळता म्हणून दाखवला! दुकानातच वाढलेली ती, गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून तिला तो पाठ झाला होता. तिला वाटलं होतं, बाबा परीक्षा घेताहेत, बाबांना बरोबर उत्तर हवंय. हा किस्सा बाप गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा.

प्रश्नावली म्हणजे नुसती वाक्यं होती. 'शाळेच्या विचारानं माझा जीव दडपतो.' 'पूर्वी आवडणाऱ्या विषयातही आता मन लागत नाही.' 'कितीही केलं तरी कमीच पडतं.' प्रत्येक वाक्यापुढे चौकटी, 'कधीच नाही'पासून 'रोज'पर्यंत. कामाची रीतही कडक होती. टिटवीच्या आईनं वाक्य आपल्या भाषेत आणायचं. मूळ कागद न पाहिलेल्या एका निवृत्त मास्तरांनी ते उलट मूळ भाषेत न्यायचं. मग संशोधकानं दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, की जाऊन येऊन वाक्य तेच राहिलंय ना. त्यानंतर तिसरी पायरी. काही मुलांना ती वाक्यं वाचून दाखवायची, पण त्यांचं उत्तर विचारायचं नाही. एवढंच विचारायचं, की हे वाक्य कुणाबद्दल बोलतंय, तुला काय समजलं?

"मुलं स्वतःबद्दल बोलत नाहीत, ताई," संशोधक म्हणाली होती. "वाक्याबद्दल मात्र तासभर बोलतील."

ती मुलं परकी हवीत, घरची नकोत, असा नियम होता. आणि शाळेत वाटेपर्यंत कागद कुणालाही दाखवायचा नाही, हा दुसरा.

निवडलेल्या शाळांत टिटवीची शाळा होती. कागदावर नावं नसणार होती, पण प्रत्येक वर्गाचा आकडा निघणार होता, आणि ज्या वर्गाचा आकडा वर जाईल तिथे समुपदेशक पाठवायची, चाचण्या कमी करायच्या, असं शाळांनी कबूल केलं होतं. टिटवीची आई डोळ्यांत प्राण आणून त्या आकड्याची वाट बघायला लागली. आकडा आला की नवरा ऐकेल, शाळा ऐकेल. आईला जे सांगत नाही ते पोर कागदाला सांगेल. एकेक वाक्य ती असं घासूनपुसून लिहीत होती, जणू ते वाक्य पोरीच्या खोलीचं दार उघडणार होतं.

पण धीर सुटला तिचा. एका सकाळी टिटवीची उशी झटकताना केसांचा पुंजकाच हाताला लागला. मुठीत मावेना. त्या दिवशी ती पर्समध्ये प्रश्नावलीची प्रत घालून शाळेत गेली.

वर्गशिक्षिका भली बाई होती. टेबलावर वह्यांचा एवढा ढीग, की ती त्याच्या आडूनच बोलत होती.

"हे एकदा वाचा," टिटवीची आई म्हणाली, "आणि माझ्या मुलीकडे बघा. यातलं एकेक वाक्य तिच्यावरच लिहिल्यासारखं आहे."

"अरे वा, हेच येणार आहे का आमच्या वर्गाला?"

"हो. पण ते जाऊ द्या, तुम्ही फक्त तिच्याकडे..."

"ठेवून जा. बघते मी, नक्की बघते."

आणि तिनं बघितलंही. मुलीकडे नाही, कागदाकडे.

शाळाशाळांतून भरलेले कागद गोळा झाल्यावर संशोधकानं टिटवीच्या आईला बोलावून घेतलं. लांबलचक बोळाच्या शेवटची खोली. खुर्च्यांवर गठ्ठे, खिडकीत गठ्ठे, चहाच्या किटलीखालीसुद्धा एक गठ्ठा. एक खुर्ची रिकामी करून संशोधक म्हणाली, "ताई, एका वर्गात दमलेलं कुणीच नाही."

"म्हणजे?"

"अख्ख्या वर्गानं ओळीनं 'कधीच नाही'वर खूण केलीय. तेवढं 'शाळेत जायला मला उत्साह वाटतो' हे वाक्य सोडून. तिथे सगळ्यांचं 'रोज'. न वाचता खुणा केल्या असत्या, तर तिथेही 'कधीच नाही' आलं असतं. म्हणजे मुलांनी नीट वाचून केलंय. कुणाची एकही चूक नाही."

टिटवीच्या आईला पर्समधून शाळेत नेलेली प्रत आठवली.

"मी शाळेला फोन केला," संशोधक पुढे म्हणाली. "वर्गशिक्षिकेनं अगदी मोकळेपणानं सांगितलं. एका पालकांनी नमुना प्रश्नपत्रिका आणून दिली, म्हणून आम्ही सराव घेतला. फळ्यावर आदर्श उत्तरं लिहून दिली, मुलांकडून पाठ करून घेतली. तिला वाटलं, शाळेचं नाव जाईल. आम्ही दमलेलो नाही हे पाठ करकरून दमली असतील बिचारी."

ती हसायला गेली, पण समोरचा चेहरा बघून थांबली.

"ती पालक मी आहे," टिटवीची आई म्हणाली.

संशोधकानं त्या वर्गाचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवला.

"तो वर्ग बाद करावा लागेल, ताई."

"बाद म्हणजे?"

"मोजणीत धरता येणार नाही."

"आणि समुपदेशक?"

"आकड्याशिवाय शाळा नाही पाठवणार. पुन्हा घ्यायचं म्हटलं तर पुढच्या वर्षी."

"अहो, पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल!" टिटवीची आई उभीच राहिली. "पुन्हा घ्या. आजच घ्या. मी तुमच्या पाया पडते. सगळं भाषांतर पुन्हा करून देते, दुसरी वाक्यं लिहिते..."

"बसा, ताई. बसा आधी." संशोधकानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "आकडा वर्गाचा निघाला असता. तुमच्या मुलीचा नसताच निघाला."

मग तिनं एका डॉक्टरीणबाईंचा नंबर फोनवर पाठवून दिला आणि म्हणाली, "माझं नाव सांगा. वाट नका बघू."

टिटवीची आई तिथून तडक दुकानात गेली. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. नवरा काउंटरमागे फ्रेमी पुसत होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. आदर्श उत्तरांशी आल्यावर तो खो खो हसला.

"दमलेलो नाही याचाही क्लास! कमाल आहे बाबा."

"तुम्हाला हसू येतंय?"

"अगं, पण तू ध्यानात घे ना, टिटवीनंही 'कधीच नाही'च म्हटलंय. काही असतं तर सगळ्यांबरोबर असं घडाघडा कशाला..."

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली होती, तक्त्यावर. हातातलं फडकं फ्रेमवर तसंच राहिलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"पाठ केलाय तिनं," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "तेव्हासारखंच. दिसत काही नाहीये तिला, नुसतं म्हणून दाखवतेय. मार्क, हसू, सगळं. आणि मी पुन्हा..."

क्लासला जाताना टिटवी दुकानावरूनच जायची. बापानं तिला हाक मारून आत घेतलं. ती सवयीनं तपासणीच्या खुर्चीत बसली, हनुवटी वर करून.

"नंबर वाढलाय का बघायचाय? लवकर बघा, उशीर होतोय मला."

"नंबर नाही," आई म्हणाली. तिनं स्टूल ओढलं आणि पर्समधून कागद काढला. "माझं काम अडलंय. यातली वाक्यं समजतात का ते बघायचंय. घरच्या मुलांवर करायचं नसतं, पण नियम मी आधीच मोडून बसलेय."

"हे आम्ही केलंय. सगळं 'कधीच नाही', आणि उत्साहवाल्याला 'रोज'."

"उत्तर नकोच आहे मला. इथे चौकटीच नाहीत, हे बघ." तिनं चौकटींचा भाग दुमडून मागे टाकला. "फक्त सांग, वाक्य कुणाबद्दल आहे. 'शाळेच्या विचारानं माझा जीव दडपतो.'"

टिटवीनं खांदे उडवले. "असेल एखादी मुलगी."

"कशी आहे?"

टिटवी कागदाकडे वाकली. मग म्हणाली, "हे वाक्य तिला लागू नाही. दडपल्यासारखं वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं. तिला काही वाटतच नाही. दगडावर दगड ठेवला तर खालच्याला काय कळतंय?"

आईनं मान हलवली आणि पेन्सिलीनं लिहून घेतलं. "'पूर्वी आवडणाऱ्या विषयातही आता मन लागत नाही.'"

"तिला भूगोल आवडायचा. घरी कुणी सांगितलं नाही तरी नकाशे काढायची, नद्या रंगवायची. आता नकाशा समोर आला की तिला वाटतं, एवढं सगळं आहे, आणि त्यातलं काही नसतं तरी चाललं असतं. ती स्वतः धरून."

बाप काउंटरमागे पाठ करून उभा होता. काही पुसत नव्हता.

किती महिन्यांनी टिटवी सलग बोलत होती! तोच आवाज, तीच वाक्याच्या शेवटी वर जाणारी लकेब. आईला तो आवाज ऐकून सुख होत होतं आणि तो जे सांगत होता त्यानं काळजाचं पाणी होत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सोसायचं हे तिच्या कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं.

"आणि यात एक वाक्य राहिलंय," टिटवी म्हणाली. "त्यांनी विचारायला हवं होतं."

"कुठलं गं?"

"ती रस्ता ओलांडते ना, तेव्हा कधी कधी बस येत असते. तेव्हा तिला वाटतं, लागावी जराशी. मरायचं नाहीये तिला. नुसता पाय मोडावा. दोन्ही मोडले तर बरंच. मग कुणी परीक्षेला बस म्हणणार नाही. प्लास्टर दिसतं ना सगळ्यांना."

काउंटरवरून एक फ्रेम खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"रोज वाटतं का तिला?" आईच्या तोंडून निघून गेलं.

टिटवीनं तिच्याकडे पाहिलं. आणि ते हसू परत आलं, दारातलं.

"आई, चौकटी नाहीत म्हणालीस."

ती उठून दप्तर चढवायला लागली. बाप पुढे आला, म्हणाला, "आज क्लास नाही. घरी जायचं."

"बाबा, उद्यापासून परीक्षा आहे."

त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि तिचा हात धरला. पंधरा वर्षांच्या मुलीचा हात धरून बाप भर रस्त्यातून चालला होता, आणि घर येईपर्यंत त्यानं तिला भिंतीच्या बाजूला ठेवलं, स्वतः वाहनांच्या बाजूनं चालला. आई मागून फोन करत होती. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिला पेपर होता.

टिटवीच्या फोनमधला गजर आईनं बंद करून ठेवला. तो बंद करताना, आपण पोरीचा जीव वाचवतोय की वर्ष घालवतोय, हे तिला कळत नव्हतं. उन्हं खिडकीतून पलंगावर आली तेव्हा टिटवी ताडकन उठून बसली. घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आईनं या घरात कधी ऐकला नव्हता.

"काय केलंत तुम्ही! उठवलं का नाही? काय केलंत!"

गणवेश उलटा चढला, तो तिनं तसाच ओढला. एका पायात मोजा, एक पाय तसाच. बाप दारात उभा.

"नाही जायचं, बाळा. आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय."

"वर्षभर केलंय मी! वर्षभर! पुसून टाकलंत सगळं!"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? तुम्हाला काय माहीत आहे? माझं वाटोळं केलंत तुम्ही दोघांनी!"

तिनं बापाला ढकललं. एवढीशी पोर, पण तो मागे सरला, कारण तिला घट्ट धरायची त्याला भीती वाटली. दप्तर घेऊन ती जिना उतरली. धाड धाड पावलं. बाप मागे धावणार, तेवढ्यात पावलं थांबली.

वळणावर.

दोघं दारात उभी राहिली. पावलं पुढे जाईनात, मागेही येईनात.

आई अनवाणी खाली गेली. टिटवी तिच्या नेहमीच्या पायरीवर बसली होती, दप्तर पाठीवर, तोंड भिंतीकडे. आई शेजारी बसली. दोघींना पुरेल एवढी ती पायरी नव्हती, आईचं अर्धं अंग कठड्याला टेकलं. बाप वरच्या पायरीवर येऊन बसला. खिडकीतून खालचे कचऱ्याचे डबे दिसत होते. वर घरात फोन वाजायला लागला. शाळेचाच असणार. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"मला उठता येत नाहीये," टिटवी म्हणाली.

"नको उठू."

"खरंच येत नाहीये, आई. मी उठतेय, पण होत नाहीये."

"कळलं मला. नको उठू."

"पेपर वाटले असतील."

"असतील."

टिटवी रडत नव्हती. हसतही नव्हती. तिच्या तोंडावर आता काहीच नव्हतं, आणि हा चेहरा आई पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होती. डॉक्टरांकडे कसं न्यायचं, उचलून न्यायचं का, तिथे ही बोलेल का, पुन्हा सगळं पाठ म्हणून दाखवेल का, काही कळत नव्हतं. तिनं हळूच पोरीच्या पाठीवरच्या दप्तराला हात घातला. टिटवीनं दोन्ही पट्टे मुठीत आवळून धरले.

आईनं ओढलं नाही. हात मात्र तिथून काढला नाही.

बऱ्याच वेळानं टिटवीनं एक पट्टा सोडला.